कितवा नंबर आला?

चिकोडीत पहाटे रस्त्यावर पळणारा माणूस दिसला की लोक आधी त्याचं वय बघतात. विशीच्या आतबाहेरचा असेल तर तो भरतीचा. चाळिशी ओलांडलेला असेल तर त्याला शुगर निघालेली. तिसरा प्रकार आमच्याकडं नाही. मी साखर कारखान्यात नोकरी करतो, त्यामुळं माझ्याबाबतीत या दुसऱ्या निदानाला लोक जरा जास्तच रंगवतात. "काय वो केमिस्टसाहेब, शेवटी तुमालाबी भोवली नव्हं साखर?" एकसंब्याच्या रस्त्यावर दुधाचे कॅन लावलेल्या एका मोटारसायकलवाल्यानं गाडी न थांबवता विचारलं होतं. उत्तर ऐकायला तो थांबलाही नाही.

शुगर नव्हती. एकेकाळी मी शर्यती पळायचो आणि मधली दहा-बारा वर्षं पळालो नव्हतो, एवढंच. पण हे रस्त्यात उभं राहून कुणाला समजावणार? त्यापेक्षा 'होय, थोडी बॉर्डरला आहे' म्हटलं की माणूस समाधानानं पुढं जातो. मी तेच म्हणायला लागलो. सीमाभागात बॉर्डर म्हटलं की कुणी जास्त खोलात शिरत नाही.

माझी नोकरी पॅनवरची. उसाचा रस आटून घट्ट झाला की त्याला आम्ही सिरप म्हणतो. ते सिरप मोठ्या बंद पॅनमध्ये घेऊन निर्वात ठेवून उकळवायचं, म्हणजे पासष्ट अंशांच्या आसपासच उकळी येते आणि साखर करपत नाही. मग त्यात बारीक बी सोडायचं आणि थोडंथोडं सिरप देत दाणा वाढवायचा. साखर खरी तयार होते ती इथं. मीटर, गेज, संगणक सगळं आलं, तरी आमचा जुना पॅनमन अजून प्रूफ स्टिक ओढून नमुना काचेच्या तुकड्यावर घेतो, अंगठ्यानं पसरतो आणि दिव्यासमोर धरतो. दाणा सारखा आहे का, कडा धारदार आहेत का, मध्ये धूळ दिसते का. एवढं बघायला त्याला दोन सेकंद लागतात. मला वीस वर्षांनंतरही चार लागतात.

गळीत हंगाम सुरू झाला की कारखाना थांबत नाही. आमच्याकडं पाळ्या चार ते बारा, बारा ते आठ आणि आठ ते चार. आठवड्याला पाळी बदलते. पहाटे चारच्या पाळीला तीनला उठायचं, आणि रात्री आठच्या पाळीवरून पहाटे चारला सुटून घरी येऊन झोपायचं, तेव्हा पळणारी माणसं उठत असतात. त्यात रस्ते. कर्नाटकातले सगळ्यात जास्त साखर कारखाने बेळगाव जिल्ह्यात आहेत, आणि नोव्हेंबरपासून त्या सगळ्यांचा ऊस एकाच वेळी रस्त्यावर येतो. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेली वाढी, मागं दिवा असेलच असं नाही, आणि टेपवर गाणं इतक्या मोठ्यानं की ट्रॅक्टरवाल्याला मागचा हॉर्न ऐकू येत नाही, मग बाजूनं पळणाऱ्याची चाहूल कुठली. हंगामात रस्त्यानं पळणं हा शौक नाही, जोखीम आहे.

म्हणून साखर कारखान्यातल्या माणसाला देशातल्या मोठ्या शर्यती बघायलाच मिळतात. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन डिसेंबरात. मुंबईची जानेवारीत. दोन्ही ऐन गाळपात. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शिकत होतो तेव्हा पुण्याची अर्धी मॅरेथॉन पळालो होतो, कारण तेव्हा विद्यार्थी होतो. त्याआधी चिकोडीच्या कॉलेजकडून क्रॉस कंट्री पळालो. आमची कॉलेजं तेव्हा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती. धारवाडची लाल माती बुटाला चिकटून बूट दुप्पट जड व्हायचा, ते आजही आठवतं. नोकरी लागली आणि डिसेंबर-जानेवारी कारखान्याचे झाले.

राहिलं सातारा. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. ती होते पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे आमच्या बिगरहंगामात. जणू आमच्यासारख्यांची सोय बघूनच कुणी तारीख काढली असावी. पहिल्या काही वर्षांत मी तिथं पळालो. घाट चढून-उतरून पावणेदोन तासांच्या थोडा पुढं वेळ लागायचा, आणि तेवढ्यावर मी खूष नसायचो.

मग कारखान्याची गाळप क्षमता वाढवायचं काम निघालं. क्षमता वाढवायची म्हणजे बिगरहंगामातच, कारण हंगामात यंत्रांना हात लावता येत नाही. सलग दोन-तीन पावसाळे नवे पॅन, नवे पाइप, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि कंत्राटदाराच्या माणसांशी भांडणं यात गेले. त्याच काळात वडिलांचं दुखणं निघालं. बेळगाव-मिरज अशा फेऱ्या झाल्या. पळणं कधी थांबलं, ते तारखेनं सांगता येणार नाही. तसा कुठला दिवस नव्हता. एक पावसाळा चुकला, मग दुसरा, आणि तिसऱ्या पावसाळ्यात बूट शोधले तर त्यांचा तळ विटून वेगळा झाला होता. ते मुलानं सायकलच्या दुकानात चिकटवून आणले आणि पुढं शेताकडं जाताना वापरले.

पुन्हा पळायला लागलो ते भाच्यामुळं. तो अग्निवीरच्या तयारीला लागला होता. हल्ली आधी लेखी परीक्षा होते, ती पास झाला की मैदान. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर पूर्ण ६० गुण. पहाटे मैदानावर अशी पंधरा-वीस पोरं असतात. कुणी निपाणीकडच्या खेड्यातलं, कुणी सदलग्याकडचं. निम्मी मराठी बोलतात, निम्मी कन्नड, आणि आकडे मात्र सगळे इंग्रजीत मोजतात. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर असल्यामुळं या भागात घराघरात कुणीतरी फौजेतलं असतंच. आजोबा तिकडं होते, म्हणून नातू पळतो. भाच्याला फेऱ्यांची वेळ लावायला कुणीतरी हवं होतं आणि माझी पाळी तेव्हा सोयीची होती. मोबाइल घेऊन मी मैदानाच्या कडेला उभा राहायला लागलो. पोरं मला सर म्हणायला लागली. कुणाचा पाय कसा पडतो, कोण पहिल्याच फेरीत फुटतो, कोण शेवटच्या फेरीत हात छातीजवळ आवळतो, हे सांगायला मला आवडायला लागलं. मग एक दिवस भाचा म्हणाला, "मामा, नुसतं शिट्टी मारून कसं चालंल? तुमीबी पळा की एक राउंड."

पळालो. एक राउंड म्हणजे चारशे मीटर. त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही.

या पोरांना अविनाश साबळे माहीत आहे. रील्समध्ये दिसतो, फौजेतला आहे, आशियाई स्पर्धेत सोनं घेतलेला आहे. त्याचं गाव मांडवा, तालुका आष्टी, जिल्हा बीड. आणि आमच्या उसाला येणाऱ्या तोडणीच्या टोळ्यांत बीडकडची माणसं असतातच. २०२० साली दिल्लीच्या अर्ध्या मॅरेथॉनमध्ये तो १ तास ० मिनिटं ३० सेकंदांत आला. मी पोरांना हिशेब करून दाखवला. तुमचे सोळाशे मीटर साधारण चार मिनिटं पस्तीस सेकंदांत, आणि ते न थांबता तेरा वेळा. पोरं गप्प झाली.

पण त्यांच्याच जिल्ह्यातला एक माणूस त्यांना माहीत नव्हता. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा झाल्या, त्याला दोराबजी टाटा अध्यक्ष होते. शेतकऱ्यांची पोरं अनवाणी लांबलांब पळताना बघून ते चकित झाले आणि यांना ऑलिम्पिकला पाठवायचं त्यांच्या मनानं घेतलं. तिथल्या मंडळींना ऑलिम्पिकची कितपत कल्पना होती, याचा एक किस्सा सांगतात. शंभर मीटरला साधारण किती वेळ लागत असावा, असं विचारल्यावर कुणीतरी एक-दोन मिनिटं म्हणाला. पुढच्याच वर्षी, १९२० ला, बेल्जियममधल्या अँटवर्पला चौगुले मॅरेथॉन पळाले आणि एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. त्या वर्षीचा रस्ता ४२.७५ किलोमीटर होता, आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त, ४२.१९५ हे माप त्यानंतरच्या वर्षी पक्कं झालं. म्हणजे दर किलोमीटरला चार मिनिटांच्या किंचित आत.

हाही हिशेब मी मैदानावर मांडला. सोळाशे मीटर सहा मिनिटं तेवीस सेकंदांत, आणि ते जवळजवळ सत्तावीस वेळा. खडकलाटकडचं एक पोरगं बोटं मोजत म्हणालं, "म्हंजे सर, भरतीत नापास की त्यो."

मला हसू आलं. पण त्याचं म्हणणं मी घरी जाऊनही घोळवत राहिलो. साडेपाच मिनिटांचं माप घेऊन उभं राहिलं तर ऑलिम्पिकला एकोणिसावा आलेला माणूस नापास होतो. माझ्याही खिशात एक जुनं माप होतंच. पावणेदोन तास. पुन्हा पळायला लागल्यावर माझं गुडघ्याशी फारसं भांडण झालं नाही, पोटाच्या घेराशीही नाही. भांडण होतं ते त्या आकड्याशी. मी सहा मिनिटांचा किलोमीटर पळालो की डोक्यातला कुणीतरी हिशेबनीस लगेच सांगायचा, एवढ्यात तू पूर्वी कुठल्या कुठं गेला असतास. जो कधीच पळाला नाही, त्याला हा त्रास नाही. त्याचा प्रत्येक किलोमीटर नवा. नव्यानं सुरुवात करणाऱ्या चाळिशीतल्या माणसांचं लोक कौतुक करतात. माझ्या मते त्यांचं काम सोपं आहे.

शरीराचंही एक गणित असतं, आणि ते मी पॅनवर उभा राहूनच शिकलो असं म्हणायला हरकत नाही. बऱ्याच वर्षांनी पळायला लागलं की दम लवकर परत येतो. महिना-सव्वा महिन्यात छाती धापा टाकायची थांबते, रक्त वाढतं, हृदय पूर्वीची वाट ओळखतं. पण पोटऱ्या, टाचेच्या शिरा, तळव्याची पट्टी यांना महिने लागतात. छाती म्हणते जोरात जाऊ, टाच म्हणते नको. जुन्या पळणाऱ्याच्या पोटऱ्या फाटतात त्या इथंच. पॅनमध्ये नेमकं असंच होतं. दाणा लहान असताना घाईनं आटवलं, सिरप जास्त घट्ट होऊ दिलं, तर आधीचा दाणा वाढायच्या ऐवजी नवी बारीक धूळ पडते. तिला आम्ही फॉल्स ग्रेन म्हणतो. एकदा ती पडली की पुढं मशीनच्या जाळीत अडकते, साखर धुतली जात नाही. मग पॅनला पाणी देऊन ती धूळ विरघळवावी लागते, वाफ जाते, वेळ जातो, आणि मॅनेजर वर येऊन उभा राहतो. पॅनमन कधी ओरडत नाही. तो फक्त म्हणतो, "निधानरी, साहेबर." म्हणजे सावकाश, साहेब. मी जूनपासून ऑगस्टपर्यंत स्वतःशी हेच म्हणत पळालो.

चिकोडी उंचावर आहे. खाली दूधगंगा आणि कृष्णेच्या काठानं सगळा ऊस, वर गावाभोवती माळ आणि टेकड्या. पावसाचं वाटपही तसंच. निपाणीत धो धो कोसळत असतो तेव्हा इथं शिरवं येऊन जातं आणि रस्ता अर्ध्या तासात वाळतो. पळायला हे बरं. घाट मात्र नाही. जवळचा घाट म्हणजे निपाणीपुढचा तवंदीचा, पण त्यातून राष्ट्रीय महामार्ग जातो. तिथं पळणाऱ्याला नुसती कडेची पांढरी पट्टी मिळते, आणि कधीकधी तीही ट्रकवाल्यांना हवी असते. म्हणून माळावरची एक चढण शोधली. अर्धा-पाऊण किलोमीटरची, एका बाजूला शेंग, दुसऱ्या बाजूला एक बंद पडलेलं क्रशर. तिच्यावर वरखाली करायचं. पहिल्यांदा तिथल्या शेतकऱ्यानं हात डोळ्यांवर आडवा धरून बराच वेळ बघितलं, मग येऊन विचारलं, "काय हरवलंय काय वो?"

ऑगस्टमध्ये ऊस डोक्याच्या वर गेला. दोन्ही बाजूंनी ऊस आणि मधून वाट असली की वारा लागत नाही, कोंडल्यासारखं होतं आणि पानांचा वास घशात बसतो. पण ट्रॉल्या नसतात. म्हणून मला ऑगस्ट आवडतो. लांबचं पळणं रविवारी. निपाणी-मुधोळ रस्त्यानं निपाणीच्या दिशेला निघायचं, आणि जिथं पाय सांगतील तिथून वायव्य कर्नाटकच्या बसनं परत यायचं. कंडक्टर घामानं भिजलेल्या माणसाला बसू देत नाहीत, उभं करतात. त्यांचंही बरोबर आहे.

जुनी वही मात्र मी मुद्दामच काढली नाही. तिच्यात धारवाडपासूनच्या वेळा लिहिलेल्या आहेत. ती कपाटात खाली कुठंतरी आहे, हे मला माहीत होतं. बायकोनं एकदा विचारलं, "अहो, ती वही बघून पळायचात ना पूर्वी?" मी म्हटलं, ती दुसऱ्या माणसाची आहे. तिनं डोळे बारीक करून बघितलं आणि भाकरी उलटली.

साताऱ्याला आदल्या दिवशी गेलो. निपाणी, कागल, कोल्हापूर, कराड आणि मग अजिंक्यतारा दिसायला लागतो. बिब नंबर घ्यायच्या रांगेत बघितलं तर सगळं बदललेलं. पूर्वी आमच्यासारखी खेड्यापाड्यातली, बारीक, काळपट, साध्या बुटातली माणसं बरीच असायची. आता डॉक्टर, इंजिनिअर, बँकवाले, पुण्या-मुंबईच्या ग्रुपचे एकाच रंगाचे टी-शर्ट, मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारी घड्याळं. बायकांची संख्या तर डोळ्यांत भरण्यासारखी वाढलेली. कुणी साठीची बाई दुसऱ्या साठीच्या बाईला शेवटचे दोन किलोमीटर कसे काढायचे ते सांगत होती. मला वाटलं होतं मी इथं परका वाटेन. तसं झालं नाही. उलट बरं वाटलं, कारण मला ओळखणारं कुणी नव्हतं आणि मी पूर्वी किती पळायचो हे विचारणारंही कुणी नव्हतं.

सकाळी समर्थ मंदिर मागं पडलं की यवतेश्वरचा घाट लागतो. तिथपर्यंत सातारकरांचा ओरडा, ढोल, लेझीम, गॅलरीतून हात हलवणाऱ्या आज्या. नंतर धुकं. घाटात चढणीवर हजारभर माणसांच्या बुटांचा आवाज आणि श्वास एवढंच ऐकू येतं. बोलणारी माणसं पहिल्या दोन वळणांत गप्प होतात. माझ्या शेजारी दोन तास पंधरा मिनिटांचा झेंडा पाठीला लावलेला पेसर होता, म्हणजे ठरल्या वेळेत पळवत नेणारा. त्याच्याबरोबर चिकटून असलेला घोळका चढणीवर जोरात निघाला. मला त्यांच्याबरोबर जाता आलं असतं. छातीची तक्रार नव्हती. मी सोडून दिलं. झेंडा धुक्यात गेला, मग दिसेनासा झाला. पन्नाशीच्या एका बाईनं मला मागं टाकलं, मग शाळकरी दिसणाऱ्या दोन पोरांनी, मग एका गृहस्थांनी, ज्यांच्या टी-शर्टवर त्यांची बायपास झाल्याचं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. त्यांनी मला टाकलं तेव्हा मात्र क्षणभर हिशेबनीस जागा झाला. त्याला मी पाणी दिलं, म्हणजे वीस पावलं चाललो आणि पुन्हा पळायला लागलो.

कासचं पठार याच रस्त्यानं पुढं आहे, सप्टेंबरात तिथं फुलं असतात. शर्यत तिथवर जात नाही. प्रकृती रिसॉर्टपाशी वळून मागं फिरते. पहिल्या निम्म्याला मला तास आणि सोळा मिनिटं लागली.

लोकांना वाटतं चढ अवघड आणि उतार म्हणजे बक्षीस. उतार हा चढापेक्षा वाईट असतो. चढताना मांडीचा स्नायू आखडून ढकलतो, उतरताना तो ताणला जात असतानाच अंगाचं वजन झेलत राहतो, प्रत्येक पावलाला, आणि त्या झेलण्यात त्याच्या आत बारीक फाटत जातं. त्या वेळी काही कळत नाही. वेग येतो, वारा लागतो, माणूस खूष होतो. बिल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. हे माहीत असूनही मी उतारावर जोरात आलो. तिथं आवरायचं कारण नव्हतं. दम शिल्लक होता, टाच गप्प होती, आणि झेंडा पुन्हा दिसायला लागला होता. यवतेश्वरच्या शेवटच्या वळणावर बायपासवाले भेटले. कडेला थांबून ते एका मुलीच्या पिंढरीचा गोळा सोडवत होते. मी थांबू का विचारलं, तर हातानंच 'जा' म्हणाले. गावात शिरल्यावर कुणीतरी मीठ लावलेली संत्र्याची फोड हातात दिली, आणि मी ती सालीसकट खाल्ली.

२ तास १९ मिनिटं. उतार तास आणि तीन मिनिटांत. पेसरचा झेंडा शेवटपर्यंत पुढंच राहिला. रेषा ओलांडल्यावर डोक्यातल्या हिशेबनिसानं पावणेदोन तासांतून वजाबाकी करायला घेतली, पण तेवढ्यात कुणीतरी गळ्यात मेडल घातलं आणि केळं दिलं, आणि ते काम अर्धवट राहिलं. अजूनही मी ते पुरं केलेलं नाही. गरज लागली तर वही आहेच.

घरी आईनं पहिला प्रश्न विचारला, "कितवा नंबर आला?"

शर्यतीला गेलेल्या माणसाला आमच्याकडं हाच प्रश्न असतो. म्हाईची शर्यत असो, बैलगाडीची असो, नाहीतर शाळेतली लिंबू-चमचा असो, नंबर येतो किंवा येत नाही. मी म्हटलं, दोन हजाराच्या आसपास असेल.

"दोन हजारावा?" ती जरा वेळ गप्प बसली. "मग हे पदक?"

"ते सगळ्यांनाच देतात."

"आणि पैसे कुणी भरले?"

"मीच."

तिनं मेडल उलटसुलट करून बघितलं, देवाच्या फळीवर ठेवलं आणि माझ्याकडं त्याच नजरेनं बघितलं, ज्या नजरेनं शाळेत असताना एकदा मी चाळीस रुपयांना प्लास्टिकचं घड्याळ घेऊन आलो होतो, तेव्हा बघितलं होतं. मैदानावरच्या पोरांना मात्र नंबरात रस नव्हता. त्यांनी लगेच मोबाइल काढले, वेळेला अंतरानं भागलं आणि सोळाशे मीटरवर आणलं. साडेदहा मिनिटं. भाच्यानं मित्रांसमोर माझी बाजू घेतली, "घाट हाय रं त्यो, घाट." ते पोरगं, ज्यानं ऑलिम्पिकवाल्या चौगुल्यांना नापास केलं होतं, ते म्हणालं, "तरी पण सर, तेरा वेळा पळालाय तुमी."

मंगळवारी कारखान्यावर गेलो. बिगरहंगाम असला तरी पॅन उघडून आतल्या नळ्या घासायचं काम चालू होतं. पॅनचा मजला वर आहे, लोखंडी जिन्यानं जायचं. चढताना काही वाटलं नाही. खाली उतरायची वेळ आली तेव्हा पहिल्या पायरीवर मांड्यांनी साफ नकार दिला. कठडा धरून मी पाठमोरा झालो आणि एकेक पायरी उलटा उतरायला लागलो. खाली फिटर, वेल्डर, दोन शिकाऊ पोरं, सगळे वर बघायला लागले. वरून पॅनमन कठड्यावर कोपर टेकवून वाकला.

"एष्टने नंबर बंत्री, साहेबर?"

मी जिन्यातूनच हात हलवून नंबर नाही म्हणून सांगितलं. त्यानं मान डोलावली, काचेवरचा दाणा बघावा तसं दोन सेकंद माझ्याकडं बघितलं, आणि खालच्या पोरांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "सावकाश या. बॉयलर पेटायला अजून महिना हाय."